मक्याचा तुरा

बेळगाव-निपाणी भागात पाण्याची सोय असलेल्या रानात माघात पेरलेला मका चैत्रात तुऱ्यावर येतो, आणि त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागते. भांगलण, वैरण ही सुट्टीतली कामे सर्वांच्या परिचयाची आहेत. संकरित बियाण्याच्या मक्यातील तुरे उपटण्याचे काम मात्र निराळे आहे.

शेंड्यावरचा तुरा म्हणजे मक्याचे नरफूल. कणीस हे मादीचे. कणसाबाहेर लोंबणारा प्रत्येक केस आतल्या एकेका दाण्याचा असतो. वाऱ्याने त्यावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. दोन वाणांचा संकर साधायचा, तर मादी-ओळींतील तुरे पराग सांडण्यापूर्वीच उपटावे लागतात. सारे तुरे एकाच दिवशी बाहेर पडत नाहीत; म्हणून त्याच ओळी रोज नव्याने धुंडाळाव्या लागतात. तुरे नजरेतून सुटत गेले, तर तपासणीत सारे बियाणे नापास होते. भारतात पहिले संकरित मके 1961 साली प्रसृत झाले. अमेरिकेतील आयोवा राज्यात शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी सुट्टीत हेच काम केले आहे.

काम हलके दिसते खरे; पण मक्याच्या पानाची कड हात कापते. पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. 14 वर्षांखालील मुलास मजुरीवर लावण्यास 2016 च्या कायदादुरुस्तीने मनाई आहे. सुट्टीत घरच्या शेतात हातभार लावण्यास मोकळीक आहे. परंतु घरचे रान आणि परक्याचे रान यांमधला बांध पुष्कळदा कुणी पाहत नाही. मग सहावीतल्या पोराचा रोज त्याच्या आईच्या हजेरीत मिसळून जातो, तोही अर्धाच.