टर्नवर रेझ आली, तर?

पेण-रोह्याकडे गणपतीच्या जागरणात तीन पत्तीचे डाव रंगतात. पोकरच्या ‘टर्न’वर, म्हणजे पटावर चौथे पान उघडल्यावर, मात्र नुसता अंदाज पुरत नाही.

समजा, पॉटमध्ये १००० चिप्स होत्या. तुम्ही ६०० लावल्या, समोरच्याने रेझ करून १८०० केल्या. आता आणखी १२०० भरल्या तर पॉट ४६०० चा होतो. म्हणजे जिंकण्याची शक्यता किमान २६ टक्के हवी. तुमच्याकडे बदामाची चार पाने जमली असतील, तर न दिसलेल्या ४६ पानांत बदामाची ९ उरतात. पाचवे येऊन फ्लश होण्याची शक्यता जेमतेम २० टक्के. पुढे फ्लश लागल्यावर समोरचा आणखी चिप्स देईल असे वाटत नसेल, तर पाने टाकावीत.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. त्यामुळे हा हिशेब फुकटच्या चिप्सपुरताच.