बोलींच्या नकाशातील रेषेची जाडी

उद्दिष्टे

हे विवेचन अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• बोलींच्या नकाशावरील रेषा नेमके काय सांगते, हे स्पष्ट करता येईल.
• संगणकाच्या पडद्यावरची रेषा आणि छापील रेषा यांच्या जाडीत फरक का पडतो, हे सांगता येईल.
• आपल्या क्षेत्रीय अभ्यासाच्या नकाशासाठी रेषेचे एकक व जाडी विचारपूर्वक ठरवता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका संपर्कसत्रात मी बोलीभूगोल हा घटक शिकवीत होते. वऱ्हाडी बोलीत 'डोळा', 'काळा' यांऐवजी 'डोया', 'काया' असे उच्चार ऐकू येतात, हे तुम्ही मागील घटकात वाचले आहेच. हा भेद दाखवण्यासाठी मी स्वतः महाराष्ट्राचा एक नकाशा तयार केला होता आणि त्यावर एक ठसठशीत काळी रेषा ओढली होती. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीजवळच्या गावाहून आलेल्या एका विद्यार्थिनीने तो नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "मॅडम, आमचं गाव तर या रेषेखाली गेलंय. मग आम्ही 'डोळा'वाले की 'डोया'वाले?" पुढे ती म्हणाली, "घरात सासूबाई 'डोया' म्हणतात, मुलं 'डोळा' म्हणतात आणि माझ्या तोंडी दोन्ही येतं."

नकाशा काढताना रेषा किती जाड असावी, याचा मी विचारच केलेला नव्हता. तो विचार कसा करावा, हे या विवेचनात पाहू.

२. भाषाभेदरेषा काय सांगते?

एखाद्या भाषिक वैशिष्ट्याच्या प्रदेशाची सीमा दाखवणाऱ्या रेषेला भाषाविज्ञानात 'आयसोग्लॉस' म्हणतात. आपण तिला भाषाभेदरेषा म्हणू. ही रेषा संपूर्ण बोलीची नसते. ती एका ध्वनीची, एका शब्दाची किंवा एका प्रत्ययाची असते.

रस्ता किंवा नदी यांची रेषा आणि भाषाभेदरेषा यांत एक महत्त्वाचा फरक आहे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवरील २५ मीटर व्यापते. त्या रेषेने दाखवलेला रस्ता प्रत्यक्षात ७ मीटरच रुंद असला, तरी वाचकाची फसगत होत नाही. रस्ता डोळ्यांनी पाहिलेला असतो. नकाशावरील रेषा ही केवळ खूण आहे, हे त्याला ठाऊक असते. भाषाभेदरेषा मात्र जमिनीवर कोठेच दिसत नाही. म्हणून नकाशा जे दाखवील, तेच वाचक खरे मानतो. रेषा बारीक असेल, तर 'येथे एक उच्चार संपतो आणि दुसरा सुरू होतो', असे तो समजतो. रेषा जाड असेल, तर तिच्याखालची गावे दोन्हींकडून वगळली जातात.

३. प्रमाण आणि जाडी

महाराष्ट्राचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे ८०० किलोमीटर आहे. तो पुस्तिकेच्या पानावर १६ सेंटिमीटरमध्ये बसवला, तर नकाशाचे प्रमाण १:५०,००,००० होते. म्हणजे कागदावरील १ मिलिमीटर हा जमिनीवरील ५ किलोमीटर होय. या नकाशावर वेगवेगळ्या जाडीच्या रेषा किती भूमी व्यापतात, ते पाहा :

०.२ मिमी – १ किमी
०.५ मिमी – २.५ किमी
१ मिमी – ५ किमी

माझी रेषा १ मिलिमीटरची होती. पाच किलोमीटरच्या त्या पट्ट्यात कितीतरी गावे सहज मावतात. त्या विद्यार्थिनीचे गाव त्यांपैकीच एक होते.

४. पडदा आणि कागद

आज नकाशे बहुधा संगणकावर तयार होतात. क्यूजीआयएस हे विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर अनेक अभ्यासक वापरतात. त्यात रेषेची जाडी देताना एककही निवडावे लागते : मिलिमीटर, पॉइंट, पिक्सेल, नकाशाचे एकक इत्यादी. चुका प्रामुख्याने येथेच होतात.

पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका. पडद्यासाठी एका इंचात ९६ पिक्सेल धरले, तर एक पिक्सेल सुमारे ०.२६ मिलिमीटरचा होतो. छपाईसाठी तोच नकाशा इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने बाहेर काढला, की एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा होतो. परिणामी पडद्यावर ठळक दिसणारी रेषा कागदावर एकतृतीयांश उरते. साध्या कागदावर इतकी बारीक रेषा तुटक उमटण्याची भीती असते. म्हणून छापील नकाशासाठी पिक्सेल हे एकक टाळावे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, एकरंगी छपाईत करडा रंग हा काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांनी साधला जातो. त्यामुळे बारीक करडी रेषा सलग न राहता विस्कटते. भेद दाखवायचा असल्यास काळ्याच शाईत सलग, तुटक व ठिपक्यांची रेषा असे प्रकार वापरावेत. दुसरी, पानाची जुळणी करताना १६ सेंटिमीटरचे चित्र १२ सेंटिमीटर केले गेले, तर ०.२ मिलिमीटरची रेषा ०.१५ होते आणि १:५०,००,००० हे छापलेले प्रमाणही चुकीचे ठरते. नकाशात किलोमीटरची मोजपट्टी दिलेली असेल, तर तीही चित्राबरोबर आक्रसते आणि म्हणून खरी राहते.

५. एकक कसे निवडावे?

एक साधा प्रश्न स्वतःला विचारा : रेषेच्या जाडीला अर्थ आहे काय?

अर्थ नसेल, ती केवळ खूण असेल, तर मिलिमीटर निवडा. जिल्ह्यांच्या सीमा, नद्या, रस्ते यांना हे लागू पडते. अशी रेषा नकाशाचे प्रमाण बदलले, तरी कागदावर तेवढीच राहते.

जाडीला अर्थ असेल, तर ती जमिनीवरील अंतरात द्या. समजा, पाहणीत १० किलोमीटरच्या पट्ट्यात 'डोळा' आणि 'डोया' हे दोन्ही उच्चार आढळले. तो पट्टा १:५०,००,००० प्रमाणात २ मिलिमीटर, तर १:१०,००,००० प्रमाणात १० मिलिमीटर रुंद दिसला पाहिजे. यासाठी 'प्रमाणानुसार मीटर' असे एकक उपलब्ध असते. 'नकाशाचे एकक' निवडल्यास मात्र सावध राहा. नकाशा अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असेल, तर १ हा आकडा एक मीटर न राहता एक अंश होतो. अक्षवृत्तांमधील एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एवढ्या जाडीची रेषा अख्खा जिल्हा झाकून टाकील.

असा पट्टा भरीव काळा करू नये. तो तिरप्या रेघांनी भरावा, म्हणजे खालची गावे वाचता येतात.

६. रेषेऐवजी ठिपके

माहिती अपुरी असेल, तर रेषा न ओढणेच प्रामाणिकपणाचे. झील झिलियेराँ यांच्या फ्रान्सच्या भाषिक ॲटलासमध्ये (१९०२–१९१०) ६३९ ठिकाणी मिळालेली उत्तरे त्या त्या ठिकाणीच छापली आहेत. सीमा कोठे मानायची, हे वाचकाने ठरवायचे. आपल्या लहान पाहणीतही प्रत्येक गावी एक चिन्ह द्यावे : एका उच्चारासाठी भरीव वर्तुळ, दुसऱ्यासाठी पोकळ आणि दोन्ही आढळल्यास अर्धे भरलेले. त्या विद्यार्थिनीच्या घराला न्याय देणारे चिन्ह हे तिसरेच आहे. पुढच्या सत्रासाठी मी नकाशा याच पद्धतीने पुन्हा काढला.

७. समारोप

रेषेची जाडी ही सजावटीची बाब नाही; ते बोलणाऱ्या माणसांविषयी केलेले विधान आहे. नकाशा छापण्यापूर्वी रेषा जमिनीवर किती किलोमीटर व्यापते, याचा हिशेब करा. पट्टा कशाच्या आधारे ठरवला, हे नकाशाच्या सूचीत लिहा. शेवटी, प्रत्यक्ष आकारात एक प्रत कागदावर काढून पाहा. पडद्यावर विसंबू नका.

स्वयंमूल्यमापनासाठी प्रश्न

१. १:१०,००,००० प्रमाणाच्या नकाशावर ०.४ मिलिमीटरची रेषा जमिनीवर किती मीटर व्यापते?
२. रस्त्याची रेषा आणि भाषाभेदरेषा यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.

उपक्रम

तुमच्या तालुक्यातील पाच गावे निवडा. प्रत्येक गावी आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले अशा तीन पिढ्यांकडून एकाच शब्दाचा उच्चार ऐकून नोंदवा. मिळालेली माहिती ठिपक्यांच्या नकाशावर दाखवा आणि त्यावर रेषा ओढणे योग्य ठरेल काय, ते दहा ओळींत लिहा.