वाद घालायला आलेले पाद्री

जोगेश्वरी, कान्हेरी, मंडपेश्वर ही मालाडच्या आसपासची लेणी. पश्चिम हिंदुस्थानातल्या अशा लेण्यांवर एक विस्तृत टिपण 1850 च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आले. ते लिहिणारे डॉ. जॉन विल्सन म्हणजे चर्नी रोडला उतरून पोरे ज्या कॉलेजात जातात, त्या कॉलेजच्या नावातले विल्सन. खरे तर मूर्तिपूजा चूक आहे हे लोकांना पटवायला ते इथे आले होते.

स्कॉटलंडमधल्या लॉडर गावी 1804 मध्ये त्यांचा जन्म झाला. पंथ प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपची सत्ता न मानता निवडलेल्या वडीलजनांच्या सभांनी कारभार चालवणारा. फेब्रुवारी 1829 मध्ये पत्नी मार्गारेटसह ते मुंबईत उतरले, तेव्हा वय होते चोवीस. मराठी शिकायला दोघे कोकणात गेले आणि वर्ष सरायच्या आत विल्सन मराठीतून प्रवचने देऊ लागले. मार्गारेटबाईंनीही मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या. 1835 मध्ये त्या मुंबईतच वारल्या.

विल्सनांना वादाची हौस दांडगी. 1831 मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर धर्मवाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिले आणि विल्सनांनी त्याचे खंडन छापले. कुणी कुणाचे मत बदलले नाही. पण प्रतिपक्षाला उत्तर द्यायचे तर त्याची पुराणे वाचावी लागत. पारशांशी वाद घालण्यासाठी त्यांनी अवेस्ता आणि पहलवी अभ्यासली. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांसाठी तर 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत लिहिले! वादाबाहेरचे कामही होतेच: गिरनारच्या शिलालेखाची नक्कल त्यांच्या खटपटीने कलकत्त्याला ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपकडे गेली आणि अशोकाच्या त्या आज्ञांत प्रिन्सेपला यवन राजा अंतियोकाचे नाव सापडले.

त्यांनी 1832 मध्ये काढलेली इंग्रजी शाळा जोरात चालली होती. 1839 मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर खवळले. प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेले. मुले विल्सनांकडेच राहिली, पण शाळा ओस पडायची वेळ आली. आईबापांचा संताप खोटा म्हणता येत नाही. शिक्षणाच्या भरवशावर पोर पाठवावे आणि ते धर्मच सोडून बसावे, हे कुणाला सोसेल? धनजीभाई पुढे स्वतः पाद्री झाले.

1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाच्या धर्मांतरानंतर त्यांच्या धाकट्या भावावरून पुन्हा कोर्टकज्जा झाला. या वेळी मुलगा बापाकडे परतला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला जातीत परत घेण्याची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडचे चर्च फुटले. विल्सन फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले, त्यामुळे जुन्या मिशनची इमारत सोडून सगळे नव्याने उभारणे आले.

वय वाढले तसे शहराने या भांडखोर पाद्र्याला जवळ केले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत मराठी भाषेवर त्यांचे टिपण आहे. 1862 मध्ये गाजलेल्या महाराज खटल्यात, म्हणजे वल्लभ संप्रदायाच्या एका महाराजाने करसनदास मुळजींवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यात, त्यांनी करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली. एका हिंदू सुधारकाने हिंदू ग्रंथांच्या अर्थासाठी पाद्र्याला साक्षीला बोलवावे, हे तीस वर्षांपूर्वी मोरभटांना सांगितले असते तर ते हसले असते. पुढे विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1870 मध्ये फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. त्यासाठी ते मायदेशी गेले आणि काम आटोपून मुंबईला परतले.

1 डिसेंबर 1875 रोजी ते इथेच वारले. जातिसंस्थेवरचा त्यांचा ग्रंथ अपुराच राहिला. तो 1877 मध्ये दोन खंडांत निघाला. त्यांच्या शाळेतून वाढलेल्या कॉलेजची चौपाटीसमोरची इमारत 1889 ची, त्यामुळे ती त्यांनी पाहिलीच नाही.