आईची पिशवी लेकीला देता येते का?

गेल्या पावसाळ्यात ५८ वर्षांच्या एक बाई दवाखान्यात आल्या. मधुमेहाच्या गोळ्या लिहून झाल्या तरी त्या उठेनात. शेवटी दार लोटून घेत म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या पिशवीचं आता मला काय काम? ती लेकीला देता येईल का?"

त्यांच्या मुलीला जन्मतःच गर्भाशय नाही. सतरावे वर्ष उलटले तरी पाळी आली नाही म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा हे उघड झाले. या अवस्थेला वैद्यकात 'एमआरकेएच' म्हणतात. साधारणतः पाच हजार मुलींमागे एकीत ती आढळते. अंडाशय शाबूत असल्यामुळे मुलीची वाढ चारचौघींसारखीच होते आणि कोणाला शंकाही येत नाही. जावयांना लग्नाआधीच सारे सांगितलेले होते. तरीही आईच्या मनातला सल गेला नव्हता. "गरोदरपणी मी ग्रहण पाळलं नव्हतं, म्हणून तर नाही ना?" असे त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

तसे मुळीच नाही. गर्भ पोटात आकार घेत असतो त्या पहिल्या काही आठवड्यांतच ही उणीव राहते. तिचा ग्रहणाशी, आहाराशी वा आईच्या कोणत्याही चुकीशी संबंध नसतो. हे मी त्यांना दोनदा सांगितले.

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. पाळी थांबलेल्या स्त्रीचे गर्भाशय पुन्हा मूल वाढवू शकते का? याचे उत्तर स्वीडनमध्ये मिळाले. तेथील डॉ. मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम यांच्या चमूने एका ६१ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या ओळखीतील ३५ वर्षांच्या स्त्रीच्या शरीरात बसवले. दात्या स्त्रीची पाळी केव्हाच थांबली होती, तरी तेच गर्भाशय नव्या शरीरात साधारण दीड महिन्यात पुन्हा पाळी देऊ लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये तेथे मुलगा जन्मला. प्रत्यारोपित गर्भाशयातून जन्मलेले जगातील ते पहिले मूल.

यातील शास्त्र सोपे आहे. रजोनिवृत्ती म्हणजे अंडाशयातील बीजांचा साठा संपणे. गर्भाशय तेव्हा संप्रेरकांअभावी आक्रसते, पण निकामी होत नाही. संप्रेरके मिळाली की त्याचे अस्तर पुन्हा जाड होते.

आपल्याकडेही हे घडले आहे. पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने मे २०१७ मध्ये भारतातील पहिली गर्भाशय प्रत्यारोपणे केली. त्यांपैकी गुजरातच्या एका तरुणीला तिच्या आईचे गर्भाशय मिळाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. ज्या पिशवीत आई वाढली, तिच्यातच लेकही वाढली.

परंतु या शस्त्रक्रियेची किंमतही समजून घ्यावी. दात्या स्त्रीला कित्येक तास भूल द्यावी लागते. प्रत्यारोपणाआधी दांपत्याचे भ्रूण प्रयोगशाळेत तयार करून गोठवून ठेवतात. परके गर्भाशय शरीराने नाकारू नये म्हणून मुलीला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात, प्रसूती सिझेरियननेच होते आणि एक-दोन मुलांनंतर ती औषधे थांबवता यावीत म्हणून गर्भाशय काढून टाकतात. आमच्या बाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही होते. अशा वेळी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असू शकतात आणि मोठ्या शस्त्रक्रियेचा धोकाही वाढतो. दाता म्हणून त्यांची निवड होणे कठीण आहे, हे मला सांगावे लागले. त्या बराच वेळ गप्प होत्या.

पुढच्या खेपेस लेक सोबत आली. ती म्हणाली, "आईनं विचारलं, यातच मला सगळं मिळालं. तिला त्या टेबलावर झोपवायचं नाही." मग आम्ही इतर वाटांविषयी बोललो. २०२१ च्या कायद्यानुसार परोपकारी सरोगसीला अनुमती आहे आणि दत्तकासाठी 'कारा' या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी करता येते. निर्णय त्या दोघांनी घ्यायचा आहे, आपण केवळ पाठीशी उभे राहायचे, हे आईंनाही पटले.

घरातील ज्येष्ठांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही नातीची पाळी सुरू झाली नसेल, तर "आमच्याकडे उशिराच येते" म्हणून थांबू नका. सुनेची पाळी अगदी कमी झाली असेल, विशेषतः गर्भपातानंतर पिशवी साफ केल्यावर, तर गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. त्याला ॲशरमन विकार म्हणतात. आपल्या देशात क्षयरोगानेही असे घडते. याची तपासणी दुर्बिणीने होते आणि पुष्कळदा उपचारही शक्य असतात. मात्र मूल होत नाही म्हणून एकट्या सुनेला रांगेत उभे करू नका. मुलाचीही तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.

तिसरी गोष्ट स्वतः आजींसाठी. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी एक डाग जरी दिसला, तरी ती परतलेली पाळी समजू नका. कारण पुष्कळदा साधे असते, पण क्वचित कर्करोगही असतो, आणि तो लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. संकोच न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.