हेल्मेटच्या पोटांत काय असतें?

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक माजी विद्यार्थी शाळेंत भेटावयास आला. शिरोली एमआयडीसींतील एका फौंड्रींत तो कामाला आहे. दुसरी पाळी आटोपून रात्रीं घरीं परतत असतां रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून त्याची मोटारसायकल घसरली. वेग बेताचाच होता. डोक्यावर हेल्मेट होतें व त्याचा पट्टाहि नीट बांधलेला होता. असें असूनहि तो दोन दिवस बेशुद्ध होता, आणि कवटीच्या आंत सांकळलेलें रक्त काढण्याकरितां शस्त्रक्रिया करावी लागली. आतां तो पुन्हां कामावर जातो. मात्र बोलतांना एखादा नेहमींचा शब्द त्याला मध्येंच आठवेनासा होतो. त्यानें पिशवींतून तें हेल्मेट काढून माझ्या टेबलावर ठेविलें व म्हणाला, "सर, ह्याला एक चीरसुद्धां पडली नाही बघा. मग माझंच डोकं कसं फुटलं?"

त्याच्या ह्या प्रश्नांतच त्याचें उत्तर होतें. हेल्मेट शाबूत राहिलें, म्हणूनच डोकें फुटलें. हें विधान विचित्र वाटेल, यास्तव तें जरा विस्तारानें सांगतों.

दुचाकीवर बसलेल्या मनुष्याचें डोकें जमिनीपासून सुमारें दीड मीटर उंचीवर असतें. गाडी उभी असतांना तो नुसता कोलमडला तरी जमिनीशीं पोंचेपर्यंत त्याच्या डोक्यास ताशीं एकोणीस-वीस किलोमीटर वेग येतो. गाडी धांवत असल्यास पुढें जाण्याचा वेग आणखी निराळा. परंतु वाटेंत खांब, दगड किंवा दुसरें वाहन आडवें न आल्यास तो बराचसा घसरत जाण्यांत खर्च होतो. डोक्यावर आघात होतो तो मुख्यतः ह्या खालीं पडण्याचा. आतां प्रश्न एवढाच कीं, हा वेग शून्यावर येण्यास डोक्याला किती जागा मिळते?

येथें गणित अगदीं सोपें आहे, व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस गतीच्या समीकरणांवरून तें स्वतः ताडून पाहतां येईल. पडण्याच्या उंचीस थांबण्याच्या अंतरानें भागिलें म्हणजे डोक्यावरील सरासरी धक्का त्याच्या वजनाच्या किती पट असतो तें निघतें. दीड मीटर म्हणजे १,५०० मिलिमीटर. डांबरी रस्त्यावर उघडें डोकें आपटलें व कातडी आणि कवटी मिळून ५ मिलिमीटर जागा मिळाली असें धरलें, तर धक्का ३०० पट होतो. मनुष्याचें डोकें सुमारें पांच किलो वजनाचें असतें, म्हणजे त्यावर क्षणभर दीड टनाचा भार पडतो. तेंच डोकें २५ मिलिमीटर अंतरांत थांबलें तर धक्का ६० पट, म्हणजे तीनशें किलोंचा. तीनशें किलो हें कांहीं थोडें ओझें नव्हे. परंतु तें डोळ्यांचें पातें लवण्यापूर्वीं संपतें, व एका ठिकाणीं न टोंचतां पसरून पडतें. मनुष्य तेवढें सहन करूं शकतो. जीवन आणि मरण यांमध्यें अशा रीतीनें दोन सेंटिमीटरांचें अंतर आहे.

कवटी शाबूत राहिली म्हणजे सर्व कांहीं वांचलें असेंहि नव्हे. मेंदू कवटींत घट्ट बसविलेला नाहीं. तो द्रवांत तरंगतो. धांवती एस. टी. एकाएकीं थांबली असतां उभ्या प्रवाशांची जी गत होते, तीच कवटी एकदम थांबल्यावर मेंदूची होते. तो आंतल्या आंत आदळतो, बारीक रक्तवाहिन्या तुटतात व बाहेरून जखम न दिसतां आंत रक्त सांठूं लागतें.

कोल्हापुरांतील मुलांस थांबण्याच्या जागेचें हें तत्त्व सांगण्याकरितां दूर जावयास नको. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१२ सालीं उभारलेल्या खासबाग मैदानांत पैलवान एकमेकांस डोक्यावरून उचलून खालीं टाकतात, तरी उठून पुन्हां भिडतात. तेथील लाल माती रोज खणून भुसभुशीत केलेली असते. तींत तेल, ताक, हळद घालतात. पडणारें शरीर त्या मातींत दोन बोटें रुततें, आणि तीं दोन बोटेंच त्याला तारतात. तोच डाव बाहेरच्या फरशीवर टाकून पाहण्याची कोणा वस्तादाची छाती होणार नाहीं. चांगल्या हेल्मेटच्या आंत असा एक हौदाच घातलेला असतो, आणि तो असतो थर्माकोलचा.

नवीन दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यांत जें पांढरें थर्माकोल येतें, त्याच जातीचें, परंतु अधिक दाट व मापून ओतलेलें असें हें अस्तर असतें. त्यांतील मण्यांमध्यें हवा कोंडलेली असते. धक्का बसतांच ते मणी चिरडतात, आणि चिरडण्यांतच त्या धक्क्याचा जोर खर्च होतो. विशेष हें कीं, ते पुन्हां फुगत नाहींत. म्हणूनच ज्या हेल्मेटनें एकदां मोठा आघात सोसला तें वरून कितीहि चकचकीत दिसत असलें तरी निकामी झालें असें समजावें. बाहेरच्या टणक कवचाचें काम निराळें: टोंकदार दगडाचा मार पसरून देणें व रस्त्यावर डोकें अडकूं न देतां घसरूं देणें.

हें ज्ञान फार जुनें नाहीं. 'अरबस्थानचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ सालच्या मे महिन्यांत इंग्लंडांत मोटारसायकलवरून पडला व सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्या मृत्यूनें बेचैन होऊन त्यांनीं सैन्यांतील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास आरंभिला, १९४१ सालीं आपला पहिला निबंध छापला, व त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांत स्वारांस हेल्मेट सक्तीचें झालें. आंत चिरडणारें अस्तर घालण्याची युक्ति मात्र अमेरिकेंतील सी. एफ. लोंबार्ड व त्यांच्या सहकाऱ्याची. तिचें पेटंट १९५३ सालचें आहे.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या हेल्मेटकडे वळूं. नववीच्या मुलांसमक्ष तें आम्हीं करवतीनें मधोमध कापलें. कवच प्लास्टिकचें, बऱ्यापैकीं जाड. त्याच्या आंत काळें कापड, व कापडाखालीं गादींत घालतात तसला बोटभर जाडीचा स्पंज. थर्माकोल नांवाला नाहीं! स्पंज बोटानें दाबला तरी तळाला टेंकतो. मग डोकें आणि कवच यांमध्यें उरतें काय? कवच दगडासारखें टणक राहिलें व सारा धक्का जसाच्या तसा आंत पोंचला. वर्गांतील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ही तर नुसती टोपी झाली." तिनें केलेलें वर्णन माझ्या ह्या लेखाहून नेमकें आहे.

हेल्मेट महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगून विकतात त्यांतलें होतें. किंमत दोनशें रुपये. मागील बाजूस आय. एस. आय.ची खूणहि चिकटविलेली होती, आणि त्या खुणेवर विश्वासूनच त्यानें तें घेतलें होतें. तेव्हां ही खूण कशी वाचावी हें सांगणें अवश्य आहे. आय. एस. आय. ह्या नांवाची संस्था १९४७ सालीं निघाली. १९८७ सालीं तिची जागा भारतीय मानक ब्यूरोनें घेतली, परंतु खुणेंतील जुनीं अक्षरें लोकांच्या ओळखीचीं म्हणून तशींच राहिलीं. खऱ्या खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो. दुचाकीच्या हेल्मेटचा तो ४१५१. खुणेच्या खालीं 'सीएम/एल' हीं अक्षरें व पुढें कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. नुसती खूण कोणीहि छापील. महत्त्व ह्या खालच्या क्रमांकाचें. भ्रमणध्वनीवर ब्यूरोचें 'बीआयएस केअर' नांवाचें ॲप उतरवून त्यांत तो क्रमांक घातला असतां परवाना कोणाचा, कोणत्या मालाचा व अद्याप चालू आहे कीं नाहीं, हें तेथेंच दिसतें. आमच्या कापलेल्या हेल्मेटवर खालचा क्रमांकच नव्हता. ज्यांस परवाना मिळतो त्यांचीं हेल्मेटें कृत्रिम डोक्यावर बसवून ठराविक उंचीवरून पोलादी ऐरणीवर टाकतात, आंत पोंचणारा धक्का मोजतात, व हनुवटीचा पट्टा ताणून पाहतात.

१ जून २०२१ पासून ही खूण नसलेलें दुचाकीचें हेल्मेट बनविणें, सांठविणें व विकणें कायद्यानें बंद आहे. तरी तीं दोरीवर टांगलेलीं दिसतात. कारण गिऱ्हाइकास हेल्मेट पाहिजे असतें तें पोलिसांस दाखविण्याकरितां. आमच्या भागांत आणखी एक प्रकार पाहण्यांत येतो. कारखान्यांतील पिवळी टोपी तशीच घालून लोक महामार्गावर येतात. त्या टोपीचा दोष नाहीं. वरून एखादा बोल्ट किंवा नट पडला तर डोकें वांचावें म्हणून ती केलेली असते. आंतील पट्ट्यांवर ती अधांतरी राहते व वरचा मार झेलते. कानशिलावर आणि मागें तींत कांहींहि नसतें, आणि मनुष्य पडण्याअगोदर ती स्वतःच पडते.

भारत सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ५०,०२९ जण दुचाकीवर हेल्मेटवांचून होते. त्यांत चालविणारे ३५,६९२ व मागें बसणारे १४,३३७. मागें बसणाऱ्यांचा हा आंकडा मीं मुद्दाम लिहिला आहे, कारण आपल्याकडे घरांत हेल्मेट असलेंच तर एक असतें, आणि पत्नी व मुलें मागें उघड्या डोक्यानें बसलेलीं असतात. चार वर्षांवरील मुलांनाहि कायद्यानें हेल्मेट आवश्यक आहे. मात्र तें त्यांच्या मापाचें असलें पाहिजे. बापाचें हेल्मेट मुलाच्या डोक्यावर तांब्यांत गोटा खुळखुळावा तसें हलतें. पट्टा बांधून मान जोरानें हलविली असतां कपाळावरची कातडी हेल्मेटबरोबर सरकली, म्हणजे माप बरोबर.

विकत घेतांना पावती मागावी. दुकानदार कुरकुरतो, तरी मागावी. माल खोटा निघाल्यास १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करतां येते, व २०१९ च्या कायद्याप्रमाणें जिल्हा ग्राहक आयोगापुढेंहि जातां येतें. किंमत पांच लाख रुपयांच्या आंत असल्यास तेथें शुल्क पडत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यापाशीं पावती नव्हती, आणि विकणारा त्या जागीं पुन्हां दिसला नाहीं.

कापलेल्या हेल्मेटचे दोन्ही अर्धे भाग आम्हीं प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविले आहेत. त्यांच्या शेजारीं माझें स्वतःचें जुनें, खरी खूण असलेलें हेल्मेटहि तसेंच कापून ठेविलें आहे, म्हणजे थर्माकोलचा थर कसा असतो तें दिसेल. पालकसभेस येणाऱ्यांनीं पांच मिनिटें काढून तीं दोन्ही पाहावींत, व येतांना आपलेंहि हेल्मेट बरोबर आणावें. मुलें त्यावरील क्रमांक तपासून देतील.