ड्रेस्डेनचे टोमणे

मराठी माणसाला टोमणा काही नवा नाही. कोकणातून आपले पूर्वज बोटीत बसून या बेटावर आले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात फारसे काही नव्हते, पण जिभेवर मात्र पुष्कळ होते. आज आपल्या कित्येक घरांतले रोजचे बोलणे क्रेओलमध्ये चालते. मराठी देवघरापुरती आणि सणावारापुरती उरली आहे. तरी नातवाने दूध सांडले की आजीच्या तोंडून ‘मेल्या!’ हाच शब्द निघतो, आणि नातवालाही तो बरोबर कळतो. वर्गात म्हणी शिकवताना मला नेहमी वाटते, आपल्या निम्म्या म्हणी म्हणजे कोणाला तरी मारलेले टोमणेच आहेत. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ हे काय कौतुक आहे?

पु. ल. देशपांडे यांचा रत्नागिरीचा अंतू बर्वा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. परंतु आज मी वाचकांना नेणार आहे दूर जर्मनीत, एल्ब नदीच्या काठच्या ड्रेस्डेन शहरी. तिथली चिनीमाती आणि चित्रे जगप्रसिद्ध आहेत. तिथल्या लोकांची तिरकस जीभ तितकी प्रसिद्ध नाही, पण योग्यतेने कमी नाही.

सुरुवात एका आई-मुलाच्या भांडणापासून करू. आर्थर शोपेनहाउएर हा तत्त्वज्ञ 1814 साली, सव्वीस वर्षांचा असताना, ड्रेस्डेनला राहायला आला. येण्यापूर्वी वायमार शहरी आईशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले होते. आई योहाना ही त्या काळची नावाजलेली लेखिका होती. आदल्या वर्षी मुलाने आपला प्रबंध छापला. त्याच्या नावात ‘चौपदरी मूळ’ असे शब्द होते. ते पाहून, असे सांगतात, आईने विचारले, हे काय औषधवाल्यांसाठी लिहिले आहेस? मुलगा फणकारला. तुझ्या पुस्तकांची प्रत अडगळीच्या खोलीतही सापडणार नाही, तेव्हा माझी पुस्तके लोक वाचत असतील, असे तो म्हणाला. आई शांतपणे म्हणाली, खरे आहे, तुझी तर सगळी आवृत्ती तेव्हाही दुकानात शिल्लक असेल!

गंमत अशी की दोघांचेही म्हणणे खरे ठरले. ड्रेस्डेनमध्ये चार वर्षे बसून शोपेनहाउएरने आपला मुख्य ग्रंथ लिहिला. प्रकाशक ब्रोकहाउसला त्याने इतकी उद्धट पत्रे पाठवली की त्यानेही सुनावले, मी रद्दीच छापतो आहे की काय अशी मला भीती वाटते. ग्रंथावर वर्ष आहे 1819. तो खपला नाही आणि बरीचशी आवृत्ती खरोखरच रद्दीत गेली. आईचा टोमणा तीस वर्षे खरा राहिला. त्यानंतर मात्र मुलाचे नाव जगभर झाले, आणि आज योहानाबाईंची पुस्तके कोणी मुद्दाम शोधल्याशिवाय हाती लागत नाहीत. 1814 नंतर मायलेकांची भेट कधीच झाली नाही. टोमणा चांगला जमला तरी त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ती अशी.

या शोपेनहाउएरचे आपल्याशी एक नाते आहे. दारा शुकोहने फारसीत करवलेल्या उपनिषदांचे लॅटिन भाषांतर त्याच्या हाती 1814 सालीच पडले आणि ते त्याने जन्मभर सोडले नाही. ड्रेस्डेनमध्ये संस्कृत जाणणारा क्राउझे नावाचा तत्त्वज्ञ काही काळ त्याचा शेजारी होता. पुढे फ्रँकफुर्टला राहत असताना शोपेनहाउएरने आपल्या पूडल कुत्र्याचे नाव ‘आत्मा’ ठेवले. कुत्र्याने खोडी केली की तो त्याला एकच शिवी देई, असे सांगतात: ‘अरे माणसा!’ माझ्या मते जगातल्या उत्तम टोमण्यांत याचा नंबर लागावा. एका शब्दात साऱ्या मनुष्यजातीला झोडपले, आणि दुखावले कोणालाच नाही.

पण हाच गृहस्थ नुसता दुष्टही होऊ शकत असे. बर्लिनमध्ये 1821 साली दारासमोर गप्पा मारणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला त्याने ढकलून दिले. तिने दावा लावला, आणि न्यायालयाने तिला ती जिवंत असेतो वर्षाला 60 थेलर पोटगी देण्यास त्याला फर्मावले. ती वारली तेव्हा त्याने लॅटिनमध्ये कोटी केली: ‘ओबिट आनुस, आबिट ओनुस’. म्हणजे म्हातारी मेली, भार गेला. शब्द सुरेख जुळले आहेत यात शंका नाही. परंतु गरीब आणि मेलेल्या बाईवर केलेली कोटी वाचून मला हसू येत नाही. त्याने हेगेलसारख्या मोठ्या प्राध्यापकाला भोंदू म्हटले, ते वेगळे. तिथे समोरचा बलवान होता आणि नुकसान शोपेनहाउएरचेच झाले. 1840 साली डेन्मार्कच्या विद्वत्सभेच्या स्पर्धेत त्याचा एकट्याचाच निबंध आला होता, तरी बक्षीस मिळाले नाही. नकाराच्या कारणांत थोर तत्त्वज्ञांचा अनादर हेही एक होते.

वाद कसा जिंकावा याच्या अडतीस युक्त्याही त्याने लिहून ठेवल्या होत्या. त्या त्याच्या मृत्यूनंतर, 1864 साली, छापल्या गेल्या. शेवटची युक्ती अशी की सर्व उपाय थकले की समोरच्याच्या अंगावर जावे आणि त्याचा अपमान करावा. म्हणजे ज्याला मुद्दा उरला नाही त्याचे हे हत्यार, हे त्या पट्टीच्या टोमणेबाजाला चांगले ठाऊक होते.

ड्रेस्डेनच्या सामान्य लोकांची तऱ्हा याहून प्रेमळ. कलाविद्यालयाची भव्य इमारत 1894 साली पुरी झाली, तिच्यावर काचेचा खाचाखाचांचा घुमट आहे. लोकांनी त्याला नाव दिले ‘लिंबू पिळणी’. 1909 साली एका सिगारेट कारखान्याची इमारत मशिदीसारखी बांधली आणि धुराडे मिनारात लपवले. तिचे नाव पडले ‘तंबाखूची मशीद’. शिल्पकारांची खरी नावे किती जणांना माहीत असतील?

सॅक्सनीचा शेवटचा राजा फ्रीडरिख आउगुस्ट तिसरा हा लोकांच्याच बोलीत बोलणारा होता. 13 नोव्हेंबर 1918 रोजी त्याने गादी सोडली आणि त्याच्या घराण्याचा आठशे वर्षांहून जुना अंमल संपला. जाताना तो म्हणाला, असे जर्मनीत आजही सांगतात, ‘मग तुमची घाण तुम्हीच निस्तरा!’ पुढे एका स्टेशनवर लोक त्याला पाहून जयजयकार करू लागले, तेव्हा गाडीच्या खिडकीतून डोके काढून म्हणे, ‘वा, बरे प्रजासत्ताकवाले निघालात तुम्ही!’ राज्य गेलेल्या माणसाने इतके हसतमुख बोलावे, याला मी मोठेपणा म्हणते.

राजाची ती बोली म्हणजे सॅक्सन. तीत क, त, प हे वर्ण मऊ होऊन ग, द, ब होतात. उरलेली जर्मनी या बोलीला हसते. वास्तविक मार्टिन ल्यूथरने बायबलाचे भाषांतर केले ते सॅक्सनीच्या दरबारी भाषेच्या आधाराने, आणि अठराव्या शतकापर्यंत शुद्ध जर्मन म्हणजे इकडचीच, असे मानत. प्रशियाने 1756 ते 1763 च्या युद्धात सॅक्सनीला नमवले, सत्ता उत्तरेकडे सरकली आणि कालची आदर्श भाषा चेष्टेचा विषय झाली. उच्चार होते तसेच राहिले, बदलला तो दरबार. पुण्याची मराठी शुद्ध आणि कोकणची गावंढळ, असे ऐकत आलेल्या आपल्या लोकांनी हा इतिहास जरूर लक्षात ठेवावा. आपल्यापैकी कोणी महाराष्ट्रात गेले आणि त्यांच्या बोलण्यावर कोणी हसले, तर ल्यूथरचा दाखला द्यायला हरकत नाही.

आता थोडे गंभीर. व्हिक्टर क्लेम्पेरर हे ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यालयात फ्रेंच वाङ्मयाचे प्राध्यापक होते. व्होल्टेरच्या शतकाचे जाणकार. व्होल्टेरची जीभ कशी होती हे फ्रेंच शिकलेल्या आपल्या वाचकांना सांगायला नको. ते जन्माने यहुदी, म्हणून 1935 साली त्यांची नोकरी गेली. 1939 पासून सरकारी हुकमाने त्यांच्या नावात ‘इस्राएल’ हा शब्द घुसवला गेला. हाही अपमानच, पण त्यात विनोद नव्हता. सत्तेला विनोदाची गरज नसते. 20 डिसेंबर 1934 च्या कायद्याने सरकारची चेष्टा करणाऱ्याला तुरुंगात घालता येत होते. क्लेम्पेरर लपून रोजनिशी लिहीत राहिले आणि त्यांच्या पत्नी एफा ते कागद पिर्ना गावी एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोहोचवीत. कागद सापडले असते तर कोणीच वाचले नसते.

त्या रोजनिशीत ते नाझींच्या भाषेची टिपणे ठेवीत आणि वर तीन अक्षरे लिहीत: एल्‌टीआय. लॅटिनमध्ये ‘तिसऱ्या राइखची भाषा’. नाझींना संक्षेपांचा भारी सोस, म्हणून त्यांचीच खोड उचलून केलेली ही नक्कल होती. 13 फेब्रुवारी 1945 रोजी उरलेल्या यहुद्यांना हद्दपारीच्या नोटिसा वाटल्या गेल्या. त्या वाटण्याचे काम क्लेम्पेरर यांच्यावरही आले होते. त्याच रात्री ड्रेस्डेनवर बॉम्ब पडू लागले. सुमारे 25,000 माणसे मेली. त्या गोंधळात क्लेम्पेरर यांच्या कोटावरचा पिवळा तारा पत्नीने काढून टाकला आणि ते दोघे निसटले. 1947 साली त्यांचे पुस्तक निघाले, त्याला तीच तीन अक्षरे नाव म्हणून दिली.

युद्धानंतर ड्रेस्डेन कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत गेले. शहर खोऱ्यात असल्याने पश्चिमेकडचा टेलिव्हिजन तिथे दिसत नसे, म्हणून देशभर त्याला ‘अजाणांचे खोरे’ म्हणत. पश्चिमेच्या वाहिनीचे नाव होते एआर्डी. त्या अक्षरांचा अर्थ लोकांनी लावला ‘ड्रेस्डेन परिसर वगळून’.

सरकारला उद्देशून बोलणे मात्र जपून करावे लागे. 1961 साली ड्रेस्डेनमध्ये ‘हेर्कुलेसकॉइले’, म्हणजे हर्क्युलिसची गदा, हे विनोदी नाट्यगृह सुरू झाले. त्याच साली शेजारच्या लाइपत्सिगमधले विद्यार्थ्यांचे तसलेच मंडळ बंद पाडून त्याच्या लोकांना अटक झाली. त्यांच्यातला पेटर झोडान सुमारे नऊ महिने कोठडीत होता. काळाचा टोमणा बघा, जर्मनी एक झाल्यावर 1992 पासून हाच झोडान टेलिव्हिजनच्या लोकप्रिय मालिकेत ड्रेस्डेनचा पोलीस अधिकारी म्हणून दिसू लागला! 2024 साली तो वारला. ‘गदा’ अजून चालू आहे. 2017 पासून ती शहराच्या सांस्कृतिक प्रासादाच्या तळघरात भरते.

आणि ज्या सॅक्सन बोलीला सगळे हसत, तिच्यासाठी 2008 पासून दरवर्षी ‘वर्षाचा सॅक्सन शब्द’ निवडला जाऊ लागला. लोक आपापल्या घरातले शब्द पाठवतात, आणि नाहीसा होत चाललेला एक शब्दही त्यात वेगळा निवडतात. आपल्या पानानेही असे करायला काय हरकत आहे? आपल्या आजी-पणजीच्या तोंडी असलेला, आता क्वचितच ऐकू येणारा एखादा टोमणा वाचकांनी अवश्य लिहून पाठवावा. ‘मेल्या’ आणि ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’ हे दोन मी आधीच टिपून ठेवले आहेत. फार तिखट असेल तर पाकीट नीट चिकटवून पाठवावे.