मध, अग्नी आणि मायक्रोवेव्ह

उसाचे चिपाड, भाताचा पेंढा, फळांच्या साली अशा टाकाऊ वनस्पतिद्रव्यांपासून उपयुक्त रसायने मिळविण्याचे संशोधन आज जगभर चालू आहे. त्यांपैकी एका रसायनाचा संबंध आपल्या औषधनिर्माणशाळेशी थेट येतो. म्हणून त्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

हे रसायन म्हणजे हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, संक्षेपाने एचएमएफ. वनस्पतीतील सेल्युलोजपासून ग्लुकोज व त्यापासून फ्रुक्टोज मिळते. फ्रुक्टोजच्या एका रेणूतून पाण्याचे ३ रेणू निघून गेले की एचएमएफ तयार होते. प्लास्टिक व इंधन यांच्या निर्मितीत ते उपयोगी पडते. या क्रियेस आम्ल हे उत्प्रेरक लागते आणि उष्णताही लागते. मायक्रोवेव्ह लहरी पाण्यासारख्या ध्रुवीय रेणूंना थेट तापवितात. त्यामुळे तासांचे काम मिनिटांत होते. मात्र या लहरी द्रवात काही सेंटिमीटरच शिरत असल्याने मोठ्या पात्रात ही पद्धती वापरणे कठीण जाते.

आता मधाकडे पाहू. त्यात फ्रुक्टोज विपुल असते आणि तो स्वभावतः आम्लधर्मी असतो. म्हणजे शर्करा व उत्प्रेरक दोन्ही सिद्धच असतात. उणीव केवळ उष्णतेची. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाने मधातील एचएमएफला किलोमागे ४० मिलिग्रॅम व उष्ण प्रदेशांतील मधास ८० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे.

चरकाचार्यांनी केलेला उष्ण मधाचा निषेध यामुळे ‘सिद्ध’ झाला, असे म्हणण्याचा मोह मात्र वैद्यबंधूंनी टाळावा. ही मर्यादा तापविल्याची व जुनेपणाची खूण आहे, विषत्वाचा निर्णय नव्हे. शिवाय साठवणीतही एचएमएफ वाढते; उलट पुराण मध आपल्या ग्रंथांनी लेखनकर्मासाठी प्रशस्त मानला आहे. दोन्ही शास्त्रांची परिभाषा वेगळी आहे, हे विसरून चालणार नाही.

व्यवहारात मात्र दोन्ही शास्त्रे एकच सावधगिरी शिकवितात. अवलेह सिद्ध होऊन शीत झाल्यावरच त्यात मध घालावा. दाणेदार झालेला मध पातळ करण्यासाठी मायक्रोवेव्हचा आश्रय घेऊ नये. दाणे धरणे हा मधाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. मध खरेदी करताना एचएमएफचा आकडा व तपासणीची तारीख असलेला अहवाल मागावा आणि साठा थंड जागी ठेवावा. कारखान्यात जी क्रिया यत्नपूर्वक घडवून आणतात, ती आपल्या पात्रात नकळत घडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.